सायलेन्सर बदलताना: बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे

बाइकचा सायलेन्सर बदलणं हे तसं पाहिलं तर तास-दीड तासाचं काम. एक क्लँप, दोन-तीन बोल्ट, संपलं. तरी मुंबईच्या रस्त्यांवर तारेने बांधलेले, ब्रॅकेटपाशी तडकलेले, एका बाजूला मान टाकलेले सायलेन्सर रोज दिसतात, आणि त्यातले बरेचसे बाहेरून घेऊन बसवलेले असतात. माल हलका असतो हे एक कारण. दुसरं कारण बसवण्यात आहे. पाइप आणि ब्रॅकेट एका रेषेत येत नसताना सायलेन्सर दाबून-ओढून बोल्ट आवळून टाकतात. त्या घडीला घट्ट वाटतं. पुढचं काम खड्डे आणि पेव्हर ब्लॉक करतात.

म्हणून इथे आवाजापेक्षा बसवण्याबद्दल जास्त लिहिलंय. इंजिनकडून येणारा बेंड पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलायचा, याला स्लिप-ऑन म्हणतात. नवख्याने घरी तेवढंच करावं. इंजिनच्या हेडपासून सगळी लाइन बदलायची असेल तर ते गॅरेजचं काम. का, ते पुढे येईलच.

पाना उचलण्याआधी कायदा

कंटाळवाणा भाग आहे, पण पैसे घालवण्याआधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० (२) आहेच: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद.

आवाजाच्या मर्यादा इंजिनच्या आकारावर आहेत. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८०. हे आकडे नवी गाडी बनवताना, चालत्या गाडीवर ठरलेल्या पद्धतीने मोजायचे असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाइलवरच्या अ‍ॅपने मोजलेला आकडा त्यांच्याशी ताडून काही कळत नाही. नाकाबंदीत तर बहुतेक वेळा मीटरची गरजच पडत नाही, हवालदाराचा कान पुरतो. जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची दृश्यं बातम्यांत सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मग उरतं काय? एक, तुमच्या गाडीच्या कंपनीने तुमच्याच मॉडेलसाठी, रस्त्यावर वापरायला म्हणून विकलेला अ‍ॅक्सेसरी सायलेन्सर. दोन, जुना गंजून गेला म्हणून त्याच मापाचा, त्याच आवाजाचा बदली डबा. समुद्राच्या हवेत राहणाऱ्यांना हे कधी ना कधी करावंच लागतं. बाकी इंदोरी, पंजाब, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्ड स्टार, मेगाफोन ही बुलेटवाल्यांची सगळी नामावळ चाळताना एवढं धरून चाला की आवाज वाढला की जबाबदारी दुकानदाराची नसते, चालवणाऱ्याची असते. डब्यावर युरोपातलं 'ई' चिन्ह असलं तरी ते तिथल्या नियमांसाठी आहे. इथे ते दाखवून सुटका होईल असं समजू नका.

कुठली गाडी, कुठला डबा

गाडीखाली वाकून बघा. बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्यामध्ये क्लँप किंवा सांधा दिसतो का? दिसत असेल तर स्लिप-ऑन शक्य आहे. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीला दोन्ही बाजूंना एकेक वेगळा डबा आहे, तिथे हे काम सरळ आहे. पण रोजच्या १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत पाइप आणि डबा एकाच तुकड्यात वेल्ड केलेले असतात. अशा गाडीला स्लिप-ऑन बसवायचा म्हणजे ग्राइंडरने मूळ पाइप कापायचा. तसं करू नका. मूळ वस्तू कायमची गेली, आणि बीएस-६ या धुराच्या नियमाखालच्या गाडीत बऱ्याचदा त्या पाइपातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, तोही गेला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना धूर साफ करणारा हा कन्व्हर्टर आणि पाइपात बसणारा ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर बेंड पाइपात आहे की मागच्या डब्यात, हे आधी नक्की करा. डब्यात असेल तर डबा बदलल्यावर गाडी पीयूसीला नापास होऊ शकते, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागू शकतो. कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही पुढे असतील आणि तुम्ही फक्त मागचा डबा बदलत असाल, तर सहसा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हात लावावा लागत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र मोकळा डबा लावला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन थ्रॉटल सोडताना फटफट फुटायला लागतं आणि कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक तोंड, बदलायची वेळ येते.

माप घेताना अंदाज नको. बेंड पाइपाच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. बाजारात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारे बरेच डबे ५१ मिमीच्या तोंडाचे असतात आणि सोबत ३८ मिमीपर्यंत उतरणाऱ्या कड्या देतात. कडी चालते, पण एकच. दोन कड्या एकात एक घालून जमवलेला सांधा गळतोच. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेली लिंक पाइप, म्हणजे बेंड पाइप आणि डबा जोडणारा तुकडा, मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

दुकानात आणखी तीन गोष्टी हातात घेऊन बघा. ब्रॅकेटचं वेल्डिंग सलग आहे की चार टिपके मारलेत. डबा हलवला तर आत काही वाजतं का. आणि मागच्या तोंडातली आवाज कमी करणारी नळी, जिला सगळे डीबी किलर म्हणतात, ती कशावर धरलेली आहे. बऱ्याच डब्यांत ती एका छोट्या एलन स्क्रूवर किंवा सर्क्लिपवर असते. दुकानदार हमखास विचारेल, "दादा, डीबी किलर काढून देऊ? मस्त घुमेल." नको म्हणा. उलट तो स्क्रू काढून, आट्यांना उष्णता सोसणारी पेस्ट लावून परत नीट आवळा, आणि डोक्याला भोक असेल तर त्यातून लॉक-वायर, म्हणजे स्क्रू फिरू न देणारी बारीक तार, ओवा. कंपनामुळे सगळ्यात आधी सैल होतो तो हाच स्क्रू. चालत्या गाडीतून ती नळी मागे उडाली तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाते.

हत्यारं आणि किरकोळ सामान

दहा, बारा, तेरा आणि चौदाचे सॉकेट, एक टी-पाना, एलन कीचा संच, वायर ब्रश, रबरी हातोडी, गंज सुटायचा स्प्रे, जुनी चादर. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. सोसायटीत कोणाकडे तरी असतोच, मागायला लाजू नका. स्प्रिंगचा सांधा असेल तर स्प्रिंग ओढायचा हूक घ्याच. पकडीने स्प्रिंग ओढली की ती निसटते, आणि निसटलेली स्प्रिंग बोटावर किंवा डोळ्यावर येते. साधा गॉगल घाला.

किटमध्ये आलेल्या बोल्टवर माझा फार विश्वास नाही. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरची दुकानं ओळीने आहेत. जुना बोल्ट सोबत न्या आणि त्याच मापाचा, त्याच लांबीचा चांगला बोल्ट, जाड वायसर आणि पूर्ण धातूचा लॉक-नट मागा. आत निळी किंवा पांढरी नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट सायलेन्सरच्या गरम सांध्यावर वापरायचा नाही. ते नायलॉन साधारण १२० अंशांपुढे दम सोडतं, आणि मग नट आहे काय नि नाही काय. निळ्या लॉकटाइटचं, म्हणजे आट्यांना लावायच्या गोंदाचंही तेच. टांगणीच्या, म्हणजे डबा फ्रेमला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या, बोल्टवर, जिथे मध्ये रबर आहे आणि उष्णता कमी पोहोचते, तिथे ते चालतं; बेंड पाइपच्या क्लँपवर नाही. गरम जागी आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा, म्हणजे दोन पावसाळ्यांनंतरही नट सुटेल. पेस्ट लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा सहज फिरतो, त्यामुळे हात जरा आवरता घ्यायचा.

सांध्याचं गॅस्केट नवं घ्या. ग्रॅफाइटची ती कडी एकदा दाबली गेली की परत बसत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

जुना डबा उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. संध्याकाळी कामावरून आलात तर हे काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. गाडी डबल स्टँडवर लावा. डबल स्टँड नसेल तर मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड आणा. साइड स्टँडवर तिरक्या उभ्या गाडीला डबा सरळ बसलाय की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

सुटं करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कुठला वायसर आतून, कुठला बाहेरून, कॉलर (टांगणीच्या रबरातली लोखंडी नळी) कुठल्या बाजूने, हे नंतर आठवत नाही. हीट शील्ड, म्हणजे चटका लागू नये म्हणून वर बसवलेला पत्रा, असेल तर ती आधी काढा. सेन्सरची वायर डब्याजवळून जात असेल तर तिचा सॉकेट सोडवा. वायरला डबा लटकू देऊ नका. मग क्लँपचा बोल्ट ढिला करा. टांगणीचा बोल्ट शेवटी, एक हात डब्याखाली ठेवून. बऱ्याच गाड्यांत मागे बसणाऱ्याचं फुटरेस्ट आणि सायलेन्सर एकाच बोल्टवर असतात, तेव्हा फुटरेस्टही हातात येईल, दचकू नका.

गंजलेला नट सुटत नसेल तर लगेच टी-पान्यावर पाय देऊन उभे राहू नका. आधी केसभर आवळा, मग सोडा, परत आवळा, परत सोडा, मध्ये स्प्रे. डबा पाइपावरून काढताना डावी-उजवीकडे पिळत मागे ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून तोंड उचकटलं तर पाइपाचं टोक वाकडं होतं आणि नवा डबा कधीच नीट बसत नाही.

इंजिनच्या हेडवरचे दोन नट मात्र स्लिप-ऑनसाठी सोडायची गरज नाही, आणि गरज नसेल तर त्यांना हातही लावू नका. ते स्टील स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन घट्ट बसलेले असतात. एक तुटला की ड्रिल, आटे पाडणं, कधी हेड उतरवणं, एवढा कुटाणा होतो. सगळी लाइन बदलणं गॅरेजवर सोडा म्हटलं ते यासाठी. तिथला मिस्त्री गॅसचा टॉर्च लावून तापवून सोडवतो, आणि तुटलाच तर काढायचं सामान त्याच्याकडे असतं.

कोरडी जुळणी

पाइपाचं उघडं टोक वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा राहिला तर गॅस्केट त्यावरच चढतं. गॅस्केट आत सरकवा, डबा पाइपावर चढवा, क्लँप अंगावर नुसता लटकत ठेवा. पाना अजून लांबच.

इथे तोंड जवळून बघा. डब्याच्या तोंडाला लांबीत दोन किंवा चार चिरा पाडलेल्या असतात, त्यामुळेच क्लँप आवळल्यावर तोंड पाइपाला धरतं. पाइप त्या चिरांच्या पुढे आत गेलेला असला पाहिजे. तो चिरांच्या आधीच थांबला, तर क्लँप कितीही आवळा, चिरांतून वायू सुटणारच. खूण म्हणून पाइपावर मार्करने एक रेघ मारा: चिरांची लांबी मोजा, त्यात बोटभर मिळवा, आणि डबा निदान त्या रेघेपर्यंत आत गेला पाहिजे. क्लँप चिरांच्या वर येतो, पण अगदी कडेला नको. त्याचा बोल्ट असा वळवा की उद्या पाना लावता येईल आणि तो जमिनीच्या सगळ्यात जवळचा भागही होणार नाही. नाहीतर पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला घासेल.

आता टांगणी. ब्रॅकेटचं भोक आणि फ्रेमवरचं भोक समोरासमोर आणा आणि बोल्ट घाला. नुसत्या बोटांनी. निम्म्याहून जास्त आटे बोटांनी फिरले तर जुळणी बरोबर. डबा गुडघ्याने रेटल्यावरच बोल्ट जात असेल तर थांबा. डबा पाइपावर थोडा फिरवून बघा, थोडा पुढे-मागे करून बघा. तरी भोक दोन-चार मिलिमीटर बाहेरच राहिलं तर फरक कुठल्या दिशेला आहे ते बघा. आत-बाहेर असेल तर मध्ये वायसर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर घाला. वर-खाली असेल तर ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट करा किंवा लिंक प्लेट बनवून घ्या. वेल्डिंग लागलं तर सायलेन्सर गाडीवरून उतरवून वेल्ड करा. गाडीवरच आर्क वेल्डिंग केलं तर ईसीयू जळू शकतो.

ताणात बांधलेला डबा आधी काहीच दाखवत नाही. प्रत्येक गचक्याला तो ताण ब्रॅकेटच्या वेल्डवर येतो, आणि गरम झाल्यावर पाइप लांबीत वाढतो तेव्हा त्यात भर पडते. काही महिन्यांनी वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ उमटते. ती दिसेपर्यंत निम्मा वेल्ड गेलेला असतो.

आणि रबर बुश. टांगणीच्या भोकात रबर असतं आणि त्या रबराच्या आत एक छोटी लोखंडी नळी, म्हणजे कॉलर. बोल्ट आवळला की वायसर त्या कॉलरवर टेकतो आणि तिथेच थांबतो. रबर मोकळं राहतं आणि डब्याला हलायला थोडी जागा देतं. जुना सायलेन्सर काढताना ही कॉलर निसटून खाली पडते, नाहीतर जुन्या बुशमध्येच राहून जाते, आणि नवा डबा तिच्याशिवाय बसवला जातो. मग बोल्ट आवळला की रबर चेपून बाहेर येतं, बोल्ट कधीच घट्ट लागत नाही, म्हणून आणखी आवळला जातो. शेवटी रबर फाटतं आणि लोखंडावर लोखंड वाजायला लागतं. कॉलरची लांबी रबराच्या जाडीपेक्षा किंचित जास्त हवी. नसेल तर नागदेवीलाच नळीचा तुकडा कापून मिळतो.

डब्याच्या अंगावर पट्टीचा क्लँप असेल, गोल कॅनला सहसा असतो, तर पट्टी आणि डबा यांच्यामध्ये किटमधली रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी घाला. ती नसली तर पत्रा कापला जातो, कार्बनचा डबा असेल तर आणखीच लवकर.

पाना लावण्याआधी जागा तपासा. डबा आणि मागच्या ब्रेकचा पाइप यांच्यात निदान दोन बोटं अंतर हवं. मागे कोणाला तरी बसवून सस्पेन्शन पूर्ण दाबा; मागचं चाक धरणारा स्विंगआर्म वर येताना डब्याला टेकता कामा नये. डबल स्टँड आणि साइड स्टँड उचलून-टेकवून बघा. डावीकडे डबा असेल तर साडीगार्डशी अंतर बघा, साडीगार्ड काढून जागा करायची नाही. आणि हे बहुतेक सगळे विसरतात: मागचा अ‍ॅक्सल सायलेन्सर न काढता बाहेर ओढता येतो का? ट्यूबची गाडी असेल आणि भर पावसात घोडबंदरला पंक्चर झालं, तर पंक्चरवाला आधी तुमचा सायलेन्सर उतरवणार आणि त्याच्या पद्धतीने परत बसवणार.

आवळणं

क्रम पुढून मागे. आधी बेंड पाइपकडचा सांधा, मग लिंक पाइप असेल तर तिचा, मग टांगणी. पण एका दमात नाही. सगळीकडे निम्मं आवळा, डबा मागून सरळ दिसतोय का बघा, मग दुसऱ्या फेरीत पूर्ण. उलट क्रमाने, म्हणजे टांगणी आधी पक्की केली, तर सगळी चूक पुढच्या सांध्यावर ढकलली जाते.

किती आवळायचं? तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना वापरा आणि मनगटाने आवळा, खांद्याने नाही. क्लँपचे दोन कान एकमेकांना टेकले आणि तरी डबा हाताने फिरतोय, याचा अर्थ क्लँप मोठा आहे. आणखी जोर लावून बोल्टचे आटे जातील, डबा तसाच राहील. लहान क्लँप आणा.

स्प्रिंगचा सांधा असेल तर हुकाने एक-एक स्प्रिंग ओढून अडकवा. स्प्रिंग ताणलेली हवी, पण शेवटच्या वेटोळ्यापर्यंत ताणलेली नको. तिच्यावर सिलिकॉनची नळी चढवली तर कंपन कमी होतं, आणि दोन्ही टोकांतून लॉक-वायर ओवली तर स्प्रिंग तुटली तरी रस्त्यावर पडत नाही.

सुरू करण्याआधी सगळा डबा आणि पाइप थिनरने किंवा स्पिरिटने पुसून घ्या. हाताचे तेलकट ठसे एकदा तापले की स्टीलवर कायमचे भाजून बसतात.

पहिली सुरुवात

गाडी उघड्यावर आणा. स्टिल्ट किंवा बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून सांधे तपासायचे नाहीत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिली दोन-चार मिनिटं थोडा धूर आणि वास येईल, तो तेलाचा आणि पेस्टचा. इंजिन थंड असतानाच जाड हातमोज्याच्या हाताने मागचं तोंड क्षणभर अर्धं झाका आणि सांध्याकडे कान द्या. फुस्स असा आवाज आला तर गळती आहे. आठवड्यानंतर सांध्याभोवती काळी काजळी दिसली तरी तेच. थ्रॉटल सोडताना नव्याने फटफट सुरू झाली तरी आधी सांधाच तपासा, ट्यूनिंगच्या मागे नंतर लागा.

गाडी बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि सगळे बोल्ट परत एकदा पान्याने तपासा. पहिल्या तापण्यात गॅस्केट बसतं आणि क्लँप थोडा ढिला पडतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. नंतर पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा, आणि मग चेनला तेल घालता तेव्हा एक नजर. नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय, पानाही लावावा लागत नाही.

आवाजाची तुलना करायची तर जुना डबा असतानाच मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा. तीच जागा, तेच अंतर, तोच फोन. नव्याचं रेकॉर्डिंग त्याच्या शेजारी ऐका. फरक तुमच्या कानाला ठळक जाणवत असेल तर नाकाबंदीवरच्या कानालाही जाणवेल, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही. रुग्णालयं, शाळा, कोर्टं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, हेही परळसारख्या रुग्णालयांच्या भागातून गाडी नेताना लक्षात ठेवा.

मुंबईचा पाऊस आणि खारी हवा

बहुतेक डब्यांना सगळ्यात खाली एक बारीक भोक असतं. ते कारागिराने चुकून पाडलेलं नसतं. आत साचणारं पाणी जायला असतं. गळतं म्हणून एम-सील लावून बुजवू नका. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड डब्यात तिचं पाणी होतं. घर ते स्टेशन एवढीच गाडी चालवणाऱ्यांचा डबा कधी नीट तापतच नाही, म्हणून तो आतून गंजतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवली तरी बराच फरक पडतो.

आत ग्लासवूल, म्हणजे आवाज शोषणारी काचेची लोकर, भरलेला डबा असेल तर तो पाणी पितो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढायचा मोह टाळा. पाण्यात बंद पडलीच तर स्टार्टर मारत बसू नका, ढकलत बाहेर काढा. मागाहून डबा उतरवून तोंड खाली करून निथळू द्या. वूल जळून, झडून गेलं की आवाज फुटका येतो. ते बदलताना हातमोजे आणि मास्क हवाच, त्याचे तंतू अंगाला प्रचंड खाजतात.

हीट शील्ड विकत घेताना फालतू वाटते, पण पावसाळ्यात मागे बसलेल्याचा रेनकोट डब्याला टेकला की प्लास्टिक वितळून चिकटतं, आणि दादरच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांमधून वाट काढणाऱ्याची पोटरी भाजते. डब्याला मूळ शील्ड बसत नसेल तर बसेल अशी शोधा. लोणावळ्याला जाताना कापडी सॅडलबॅग लावत असाल तर तिच्या आणि डब्याच्या मध्येही तळहाताएवढं अंतर पाहिजे.

राहिला तुमचा जुना डबा. भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदाराला अदलाबदलीतही नको. वॉरंटीचा दावा, गाडी विकणं, आरटीओत गाडी दाखवावी लागणं, या सगळ्याला तोच लागतो. गंज घासून वरून तेलाचा हलका हात द्या, दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबा, नाहीतर झुरळं संसार थाटतात. मूळचे बोल्ट, वायसर, बुश आणि ती कॉलर एका पिशवीत घालून पिशवी डब्यालाच टेपने चिकटवा, आणि माळ्यावर टाकताना आडवा ठेवा.